पाड्यापर्यंत पोहोचलेले पाच टक्के : राज्यपालांची एक अधिसूचना आणि एक ग्रामपंचायत

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात राज्यपालांचा उल्लेख सहसा शपथविधी, विद्यापीठांचे दीक्षान्त समारंभ किंवा सत्तास्थापनेचा पेच अशा प्रसंगीच होतो. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीने त्यांच्यावर सोपवलेले काम मात्र अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या भागाबाहेरच्या, फारच थोड्या लोकांना ठाऊक असते. या अनुसूचीच्या पाचव्या परिच्छेदानुसार, संसदेने किंवा विधिमंडळाने केलेला एखादा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू होणार नाही, किंवा ठरावीक फेरबदलांसह लागू होईल, असे राज्यपाल जाहीर अधिसूचना काढून ठरवू शकतात. एखाद्या पदाधिकाऱ्याने सहीनिशी कायद्याचा मजकूर बदलावा, अशी सोय आपल्या घटनेत फार थोड्या ठिकाणी आहे. अशाच एका अधिसूचनेने आदिवासींसाठीच्या निधीचे किमान पाच टक्के गावांपर्यंत कसे नेले, याविषयी हा लेख आहे.

महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्र आज तेरा जिल्ह्यांत विखुरलेले आहे. पालघर, ठाणे, नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), पुणे, नांदेड, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर आणि गडचिरोली हे ते जिल्हे. त्यात सुमारे २,८०० ग्रामपंचायती आणि ५,९०० च्या आसपास गावे येतात. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या एक कोटी पाच लाखांच्या घरात, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ९.३५ टक्के होती. सुकथनकर समितीच्या शिफारशींनंतर १९९३-९४ पासून राज्याने या लोकसंख्येच्या प्रमाणात आदिवासी उपयोजनेसाठी निधी वेगळा काढून तो आदिवासी विकास विभागाच्या हाती देण्याची पद्धत स्वीकारली. इतर राज्यांच्या तुलनेत हे पाऊल बरेच पुढचे होते आणि पुढे जे घडले त्याचा पायाही तोच होता.

दुसरा धागा पेसा कायद्याचा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या केंद्रीय कायद्याचा. भुरिया समितीच्या अहवालानंतर संसदेने १९९६ च्या डिसेंबरमध्ये हा कायदा केला आणि अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीविषयी, योजनांविषयी व लाभार्थ्यांविषयी निर्णय घेण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्राचे पेसा नियम येण्यास २०१४ चा मार्च उजाडावा लागला. मधल्या सतरा वर्षांहून अधिक काळात ग्रामसभेचा अधिकार कायद्याच्या पुस्तकात होता आणि गावात येणाऱ्या पैशाची किल्ली तालुक्याला, जिल्ह्याला किंवा मंत्रालयात होती.

या लेखात ज्या ग्रामपंचायतीचे प्रकरण येते, ती नाशिक जिल्ह्याच्या डोंगरी भागातील आहे. मी त्या काळात तालुक्यात पेसा समन्वयक म्हणून काम करत होतो. गाव आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत.

प्रश्न नेमका काय होता

आदिवासी उपयोजनेचा पैसा थोडा नव्हता. २०१५-१६ च्या अर्थसंकल्पात या उपयोजनेचा नियतव्यय पाच हजार कोटी रुपयांहून अधिक होता. परंतु हा पैसा खाली येताना वेगवेगळ्या विभागांच्या योजनांमध्ये आधीच बांधलेला असे. पाड्याला पाणी हवे असताना समाजमंदिर मंजूर होई. गावात दुभती जनावरे टिकत नाहीत हे सर्वांना ठाऊक असूनही लाभार्थ्यांच्या यादीत म्हैसच येई. ग्रामसभेने ठराव केला, तरी त्या ठरावामागे खर्च करण्याजोगा एकही रुपया तिच्या स्वतःच्या हाती नसे. मग ठराव हा विनंतीअर्ज ठरतो, आणि विनंतीअर्ज लिहायला शंभर माणसे गोळा करण्याची काहीच गरज नसते. लोक ग्रामसभेला येत नाहीत, अशी तक्रार आम्ही कर्मचारी वर्षानुवर्षे करत होतो. त्यांनी यावे असे तिथे काय होते, हे मात्र आम्ही स्वतःला विचारले नव्हते.

उपलब्ध असलेले मार्ग

हा निधी गावाच्या हाती द्यायचा तर शासनव्यवस्थेत तीन मार्ग होते. पहिला मार्ग म्हणजे आदिवासी विकास विभागाने शासन निर्णय काढून एक नवी योजना सुरू करणे. हा मार्ग सर्वांत सोपा आणि तितकाच तकलादू होता, कारण एका शासन निर्णयाने आलेली योजना दुसऱ्या शासन निर्णयाने जाते, आणि पैशाची ओढाताण झाली की अशाच योजनांवर पहिली कात्री चालते. दुसरा मार्ग विधिमंडळात ग्रामपंचायत अधिनियमाची दुरुस्ती करण्याचा होता. तो भक्कम होता, पण अनुसूचित क्षेत्रापुरत्या बदलासाठी सभागृहात वेळ आणि बहुमताची इच्छा मिळणे, हे गेल्या अनेक वर्षांच्या अनुभवावरून सोपे दिसत नव्हते. तिसरा मार्ग पाचव्या अनुसूचीचा होता.

तिसऱ्या मार्गातही पुन्हा दोन वाटा निघतात आणि त्यांतला फरक महत्त्वाचा आहे. राज्यपालांना अनुसूचित क्षेत्रासाठी स्वतंत्र विनियम करायचा असेल, तर जनजाती सल्लागार परिषदेचा सल्ला घ्यावा लागतो आणि राष्ट्रपतींची संमती मिळाल्याशिवाय तो अमलात येत नाही. अस्तित्वात असलेल्या कायद्यात अधिसूचनेने फेरबदल करायचा असेल, तर अनुसूचीत ही अट घातलेली नाही. हा अधिकार राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरावयाचा की स्वतःच्या विवेकाने, याविषयी कायदेपंडितांत मतभेद आहेत, आणि तो फारसा वापरला गेला नाही याचे एक कारण हा मतभेदही आहे. महाराष्ट्राच्या राजभवनात मात्र आदिवासी विषयांसाठी स्वतंत्र कक्ष काम करू लागला होता. त्यामुळे कोणत्या कायद्यातील कोणते कलम अडते आहे, हे शोधून काढणारी माणसे राज्यपालांच्या हाताशी होती. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणात सर्वांत कमी बोलली गेलेली आणि सर्वांत निर्णायक गोष्ट हीच आहे.

के. शंकरनारायणन राज्यपाल असताना, ९ जून २०१४ रोजी, अनुसूचित क्षेत्रातील तलाठी, ग्रामसेवक यांसारखी पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांतून भरण्याविषयीची अधिसूचना निघाली होती. त्यानंतर ३० ऑगस्ट २०१४ रोजी चे. विद्यासागर राव यांनी राज्यपालपदाची सूत्रे घेतली.

निर्णय आणि त्याची शब्दरचना

३० ऑक्टोबर २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रापुरता ग्रामपंचायत अधिनियमात बदल केला आणि एकूण आदिवासी उपयोजनेच्या किमान पाच टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींना देण्याचे बंधन घातले. ही तारीख लक्षात घेण्याजोगी आहे. राज्यात २८ सप्टेंबरपासून राष्ट्रपती राजवट होती आणि नवे मंत्रिमंडळ ३१ ऑक्टोबरला शपथ घेणार होते. म्हणजे अधिसूचना निघाली तेव्हा लोकनियुक्त मंत्रिमंडळ पदावर नव्हते, आणि तिची अंमलबजावणी दुसऱ्याच दिवशी सत्तेवर येणाऱ्या सरकारला करायची होती. या सरकारने ती बाजूला ठेवली नाही, याचे श्रेय त्या सरकारलाही द्यायला हवे. २१ एप्रिल २०१५ रोजी आदिवासी विकास विभागाचा शासन निर्णय निघाला आणि ‘पेसा पाच टक्के अबंध निधी’ (अबंध म्हणजे आधीच एखाद्या योजनेला न बांधलेला) हे नाव गावोगावी पोहोचले. पहिल्या वर्षी ही रक्कम सुमारे २५८ कोटी रुपये होती. सरासरी काढली तर एका ग्रामपंचायतीमागे नऊ लाखांच्या आसपास आणि एका गावामागे चार लाखांहून थोडी अधिक रक्कम होते.

अधिसूचनेतील तीन गोष्टींनी तिचे भवितव्य ठरवले, असे मला वाटते. रक्कम ठरावीक आकड्यात न सांगता टक्केवारीत सांगितली, त्यामुळे उपयोजना वाढेल तसा गावाचा वाटा वाढणार होता. ‘किमान’ हा शब्द घातला. आणि बंधन कायद्याच्या मजकुरात घातले, त्यामुळे अर्थसंकल्प मांडताना या पैशाची तरतूद करणे ही विभागाची मर्जी उरली नाही.

एक शब्द मात्र जसा हवा होता तसा आला नाही. निधी ‘पंचायतीं’ना मिळणार होता. पेसा कायद्याच्या दृष्टीने गाव म्हणजे वस्ती, वाडी, पाडा. जिथे लोक आपल्या रूढीपरंपरेने एकत्र नांदतात ते गाव, आणि त्याची स्वतंत्र ग्रामसभा. ग्रामपंचायतीत अशी चार-पाच गावे असतात. शासन निर्णयाने गावपातळीवरील ग्रामसभा कोष आणि कोष समितीची व्यवस्था पुढे आणली, तरी पैशाचा पहिला मुक्काम ग्रामपंचायतीतच राहिला. पुढे आमच्या तालुक्यात जे घडले त्याचे मूळ या एका शब्दात आहे.

एका ग्रामपंचायतीत

या ग्रामपंचायतीत एक गावठाण आणि चार पाडे. लोकसंख्या एकोणीसशेच्या आसपास. बहुतेक कोकणा आणि महादेव कोळी कुटुंबे, काही वारली घरे. पावसाळ्यात इथे डोंगर दिसत नाही इतका पाऊस होतो आणि होळी उलटली की झिरे आटतात. नागली, वरई, भात निघाले की दिवाळीनंतर अर्धा पाडा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला जातो आणि शिमग्याला परततो.

निधीचा पहिला हप्ता ग्रामपंचायतीच्या खात्यात जमा झाला तेव्हा ग्रामसेवक भाऊसाहेबांनी गावठाणातील काँक्रीट रस्ता आणि पेव्हर ब्लॉकचे अंदाजपत्रक तयार ठेवले होते. सरपंचताई गावठाणच्याच होत्या. त्यांच्या हेतूविषयी मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. मार्चअखेर पैसा परत जाईल, ही धास्ती त्यांना खरोखर वाटत होती आणि तयार असलेले काम एकच होते. २६ जानेवारी २०१६ च्या ग्रामसभेत झेंडावंदनानंतर हा विषय आला. सभेला पन्नास माणसेही नव्हती, कारण माणसे बागांवर होती. गणपूर्तीसाठी लागणाऱ्या सह्या नंतर घरोघरी फिरून घेण्याचे ठरत होते.

टेकडीवरच्या पाड्यातून दोनच जण आले होते. त्यांतले वयस्कर काका उठून म्हणाले, “ताई, रस्ता करा, आमचं ना नाही. पण आमच्या बायका दोनशे फूट खाली उतरून झिऱ्यावरून पाणी आणतात. त्यांच्या वाटेला या पैशातलं काय?” सभेत कुणी उत्तर दिले नाही. सरपंचताईंनी माझ्याकडे पाहिले.

त्या क्षणी आमच्यापुढे चार पर्याय होते. तयार अंदाजपत्रक मंजूर करून टाकावे. रक्कम पाच वस्त्यांत समान वाटावी. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावी. किंवा निर्णय पुढे ढकलून शिमग्याला माणसे परतल्यावर प्रत्येक पाड्याची स्वतंत्र सभा घ्यावी. समान वाटणी सर्वांना न्याय्य वाटत होती, पण पावणेदोन लाखांत कोणत्याही पाड्याचे एकही मोठे काम उभे राहिले नसते. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटणी केली, तर साठ घरांच्या टेकडीवरच्या पाड्याला सर्वांत कमी रक्कम मिळाली असती आणि गरज तिथेच सर्वांत मोठी होती. चौथ्या पर्यायात मार्च उलटत होता. पंचायत समितीकडून लेखी खुलासा घेतला, तेव्हा खात्यात आलेला निधी मार्चअखेर परत करावा लागणार नाही असे स्पष्ट झाले आणि सरपंचताईंनी विषय तहकूब केला. त्यांच्या जागी दुसरे कुणी असते तर कदाचित केला नसता. गावठाणातील त्यांच्याच भावकीने त्यांना याचा जाब विचारला.

पाड्यांच्या सभा

शिमग्यानंतर नऊ दिवसांत पाच सभा झाल्या. पहिली सभा आम्ही सकाळी अकराला ठेवली आणि तिथे एकही बाई नव्हती. संध्याकाळी सातला ठेवली तर चुली पेटलेल्या. शेवटी बाजाराचा दिवस टाळून, दुपारच्या जेवणानंतर, आंब्याखाली बसायचे असे पाड्यांनीच ठरवले. निधीची रक्कम, शासन निर्णयातील खर्चाचे गट (पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य, स्वच्छता व शिक्षण, वन, जल व वन्यजीव संवर्धन) आणि आधीच्या वर्षी ग्रामपंचायतीत झालेला खर्च आम्ही शाळेच्या फळ्यावर लिहून तो फळा बरोबर नेत असू. आकडे कागदावर असतात तेव्हा ते एकाच माणसाच्या हातात असतात, आणि फळ्यावर आले की सगळ्यांचे होतात, हे मी त्या नऊ दिवसांत शिकलो.

टेकडीवरच्या पाड्यात एक चूक माझ्याकडून झाली, ती इथे नोंदवणे आवश्यक आहे. वेळ वाचावा म्हणून मी ठरावाचा मसुदा आदल्या रात्रीच लिहून नेला होता. त्यात पायथ्याशी विहीर आणि पंपाचे काम होते, कारण शाखा अभियंत्यांनी तसे सुचवले होते. बारावी झालेल्या एका मुलाने वही पाहिली आणि विचारले, “साहेब, सभा व्हायच्या आधीच ठराव कसा झाला?” मी ते पान फाडले. चर्चा पुन्हा सुरू झाली तेव्हा एक आजी म्हणाल्या की पाड्याच्या वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीमागे एक ओल आहे. वैशाखातही त्यांची गुरे तिथे पाणी पितात. दुसऱ्या दिवशी वीस-पंचवीस माणसे तिथे गेली, दगड-माती बाजूला केली आणि बारीक, पण अखंड धार दिसली. झिरा पाड्याच्या वर असल्यामुळे पंपाची गरज नव्हती, विजेचे बिल नव्हते. बंदिस्त कुंड, पाइप आणि एक टाकी एवढ्यावर भागणार होते. विहिरीच्या अंदाजपत्रकाच्या निम्म्याहून कमी खर्चात पाणी दारात येणार होते. मी आदल्या रात्री लिहिलेला ठराव मंजूर झाला असता, तर ती आजी बोललीच नसती.

नंतर एकत्रित ग्रामसभा झाली. टेकडीवरच्या पाड्याच्या पाण्याला पहिले स्थान मिळाले, गावठाणाचा रस्ता निम्मा झाला, पेव्हर ब्लॉक वगळले, एका पाड्यातील अंगणवाडीची दुरुस्ती आणि नदीकाठच्या पाड्यात घाटाच्या पायऱ्या असे ठरले. घाटाखालच्या पाड्याने त्या वर्षी काहीच घेतले नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या रस्त्याच्या मोरीला पहिला मान मिळेल, असा ठराव त्यांच्या समाधानासाठी लिहून घेतला.

अडचण पुढे आली. नवा झिरा वनजमिनीत होता. वनविभागाच्या परवानगीशिवाय कुदळ मारता येणार नाही, असे सांगण्यात आले. इथे वनहक्क कायद्याचे कलम ३(२) उपयोगी पडले. या कलमानुसार पिण्याच्या पाण्याची व्यवस्था आणि जलवाहिनी यांसह तेरा प्रकारच्या गावसुविधांसाठी, प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने वळती करता येते. अट अशी की हेक्टरी पंच्याहत्तरपेक्षा जास्त झाडे तुटता कामा नयेत. आमच्या कामात एकही झाड तुटणार नव्हते. तरीही मान्यता यायला चार महिने गेले, तोवर पाऊस सुरू झाला आणि काम दिवाळीनंतर हाती घेतले गेले. कलम माहीत असून अर्ज उशिरा केला, हा दोष आमचा होता. पाड्याने जागा दाखवली त्याच आठवड्यात प्रस्ताव द्यायला हवा होता.

परिणाम

२०१७ च्या होळीला टेकडीवरच्या पाड्यात टाकीच्या नळाला पाणी होते. वैशाखात धार बारीक झाली, तेव्हा पाड्याने घरामागे हंड्यांची मर्यादा स्वतःच ठरवून घेतली आणि ती पाळली. पायथ्याच्या झिऱ्यावर बायकांना क्वचितच उतरावे लागले. कोष समितीने पासबुकातील नोंदी दर तीन महिन्यांनी सभेत वाचून दाखवण्याचा नियम केला. समितीत सहीचा अधिकार असलेल्या दोघांपैकी एक बाई होती, आणि ती एका कोटेशनवर सही करण्यापूर्वी तालुक्याच्या बाजारात जाऊन पाइपचा भाव विचारून आली, हे मी स्वतः पाहिले आहे.

घाटाखालच्या पाड्याच्या बाबतीत आम्ही कमी पडलो. दुसऱ्या वर्षीचा निधी उशिरा आला, मधल्या काळात ग्रामसेवक बदलले, नव्या भाऊसाहेबांना आधीचा ठराव दाखवावा लागला आणि मोरीचे काम एक पूर्ण पावसाळा रखडले. त्या पावसाळ्यात एका आजारी माणसाला झोळीतून ओढ्यापलीकडे न्यावे लागले. समजूतदारपणे मागे थांबलेल्या पाड्यालाच त्या समजूतदारपणाची किंमत मोजावी लागली, याची बोच मला आजही आहे.

राज्याच्या पातळीवर पाहता, अबंध निधी ही अधिसूचनेतून जन्मलेली आणि सरकारे बदलूनही टिकलेली व्यवस्था ठरली. तिची तुलना ९ जून २०१४ च्या नोकरभरतीच्या अधिसूचनेशी करून पाहावी. दोन्ही अधिसूचना त्याच परिच्छेदाखालच्या आणि त्याच वर्षातल्या. परंतु आंध्र प्रदेशातील अनुसूचित क्षेत्रात शिक्षकांची सर्व पदे स्थानिक अनुसूचित जमातींसाठी राखण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २२ एप्रिल २०२० रोजी रद्द केला, आणि राज्यपालांचा हा अधिकार मूलभूत हक्कांच्या चौकटीतच वापरता येतो, असे स्पष्ट केले. महाराष्ट्रातील पेसा भरतीही न्यायालयीन वादात अडकली आणि २०२४ मध्ये निवड होऊनही नियुक्ती न मिळालेल्या तरुणांना नाशिकमध्ये आंदोलनाला बसावे लागले. पैसा खाली सोपवणारी अधिसूचना इतर कुणाच्या समान संधीच्या हक्काला भिडत नव्हती, म्हणून ती तरली. पदे पूर्णपणे राखणारी अधिसूचना भिडत होती. २०२० च्या मे महिन्यात राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी वनहक्क कायद्यात अनुसूचित क्षेत्रापुरता बदल करून जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय समितीकडे अपिलाची सोय केली. मूळ कायद्यात जिल्हा समितीचा निर्णय अंतिम होता. ही अधिसूचनाही कुणाचा हक्क न काढता आदिवासींना आणखी एक दार उघडून देणारी आहे, आणि म्हणूनच मला ती पाच टक्क्यांच्या अधिसूचनेच्या वंशातली वाटते.

वेगळे काय करता आले असते

अधिसूचनेत ‘पंचायत’ या शब्दाबरोबर पेसा गावाच्या ग्रामसभेचा थेट उल्लेख हवा होता, हे माझे ठाम मत आहे. आमच्या ग्रामपंचायतीत वाद मिटला तो सरपंचताईंच्या मोठ्या मनामुळे. शेजारच्या ग्रामपंचायतीत तसे झाले नाही आणि तिथला पहिल्या वर्षाचा सर्व निधी गावठाणातच खर्च झाला. कायद्याने दिलेला हक्क एखाद्या व्यक्तीच्या स्वभावावर अवलंबून राहू नये. गावनिहाय वाटा आणि गरजेनुसार आपापसांत अदलाबदल करण्याची मुभा, या दोन्ही गोष्टी मूळ मजकुरातच लिहिता आल्या असत्या.

दुसरी गोष्ट वेळेची. अधिसूचना आणि शासन निर्णय यांच्या मधल्या सहा महिन्यांत ग्रामसभांची, कोष समित्यांची आणि आम्हा कर्मचाऱ्यांची तयारी करून घेता आली असती. प्रत्यक्षात पैसा आधी आला आणि प्रशिक्षण नंतर. त्यातून पहिल्या वर्षी तयार अंदाजपत्रके असलेली, म्हणजे बहुधा काँक्रीटची कामेच पुढे सरकली. वनहक्क आणि पेसाच्या अंमलबजावणीसाठीचा गट अनेक ग्रामपंचायतींत तसाच पडून राहिला, कारण या शीर्षाखाली काय करता येते हे सांगणारे कुणी नव्हते. आमचीही तीच गत होती. सामूहिक वनहक्काच्या दाव्यासाठी सीमांचा नकाशा करून घेण्याचा खर्च यातून करता येतो, हे आम्हाला दुसऱ्या वर्षी समजले.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या तारखांना स्थलांतर होणाऱ्या भागात अपवाद हवा. आमच्याकडे वर्षाचे नियोजन ठरवणारी सभा शिमग्यानंतरच घ्यावी, असा ठराव पाचही वस्त्यांनी केला. तो जिल्हा परिषदेला पाठवला आणि त्याचे उत्तर आले नाही; तरीही पाडे त्या काळात आपली सभा घेत राहिले, आणि जानेवारीच्या सभेत तेच निर्णय वाचून कायम करण्याची रीत पडली.

टेकडीवरच्या पाड्याने मात्र पुढचे पाऊल टाकले. २०१४ च्या नियमांनुसार आपला पाडा स्वतंत्र गाव म्हणून घोषित व्हावा, यासाठी मतदारांच्या सह्यांनिशी त्यांनी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ठराव दिला. त्या ठरावाचा मसुदा सभेत, सर्वांसमोर, त्याच बारावी झालेल्या मुलाने लिहिला. मी तालुका सोडला तेव्हा तो ठराव उपविभागीय कार्यालयात होता, आणि त्याच्या पोचपावतीची एक प्रत टाकीच्या शेजारी, कोष समितीच्या पेटीत, पासबुकाबरोबर ठेवलेली होती.